ठोकळ्यांतले नंदीध्वज

सोलापूर
४ फेब्रुवारी

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू जे हसलास ना, ते शेजारच्या घरातसुद्धा गेलं असेल. ‘पन्नाशी उलटली, आता खेळणी बघत बसूलालास बे?’ पुण्यात एवढी वर्षं काढूनही तुझं ‘लालास’ सुटलं नाही, त्याचा आनंद झाला. पण प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. पत्रात तुला मधे तोंड घालता येत नाही, म्हणून लिहितोय.

धाकट्या बहिणीची मुलगी तुला फ्रॉकातली आठवत असेल. ती आता एका सीएकडं नोकरीला आहे. दिवसभर लोकांचे जीएसटीचे रिटर्न भरते आणि रात्री जेवणं झाली की लेगोचे, एकमेकांत घट्ट बसणारे प्लास्टिकचे ठोकळे घेऊन बसते. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या घरी तिच्या खोलीत पलंग भिंतीला सरकवलाय आणि उरलेली फरशी ठोकळ्यांनी घेतलीय. झाडू मारायला कुणाला आत सोडत नाही. त्या फरशीवर तिनं आपली गड्ड्याची, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या संक्रांतीच्या जत्रेची मिरवणूक उभी केलीय. खोक्यावरचं चित्र बघून नाही, सोबतच्या पुस्तिकेतल्या पायऱ्या बघून नाही. स्वतःच्या मनानं.

उत्तर कसब्यातली गल्ली आहे. हिरेहब्बू वाड्यापासून निघालेले सातही नंदीध्वज, देवाच्या त्या उंच सजवलेल्या काठ्या, एकामागे एक, पांढऱ्या बाराबंदीतले लोक, दोन्ही बाजूंना गर्दी, सज्जावर बायका. मी गेलो तो कौतुक करून चहा पिऊन निघायच्या बेतानं. बसलो तो बहिणीनं जेवायचं ताट वाढेपर्यंत उठलो नाही.

आता बघ, लेगोचा माणूस साधारण चार सेंटिमीटर उंच. खरा नंदीध्वज तीसेक फुटांचा. माणूस साडेपाच फुटांचा धरला, तर या मापात काठी बावीस सेंटिमीटरच्या आसपास यायला हवी. तेवढी सरळ काठी हवी आणि ती एका माणसानं पेललेली दिसायला हवी. घोटाळा असा की या माणसाला कोपर नाही, गुडघा नाही. हात खांद्यात फिरतात, पंजे मनगटात, बाकी कुठं वाकत नाहीत, त्यामुळे दोन्ही हातांनी मधोमध एक काठी धरणं त्याच्या नशिबातच नाही. हिनं काय केलं? पाठीवर सामान लावण्यासाठी गळ्यात अडकवायचा एक बारका तुकडा असतो, तो उलटा फिरवून छातीकडं आणला. त्यावर चिमट्यासारखा दुसरा तुकडा बसवला आणि काठी त्यात धरली. हात नुसते काठीला टेकवलेत. मग कमरेत धड किंचित मागं कलवलं. बस्स! नंदीध्वज पेलताना माणूस जसा मागं रेलतो, तस्सा तो रेलला. बाराबंदीची बंदं नाहीत, चेहऱ्यावर घाम नाही, तरी मला वजन दिसलं. काठीवर मधे भोक असलेल्या गोल चकत्या ओवल्यात, ते हार. टोकाला सोनेरी मुकुट, कुठल्या तरी राजाच्या डोक्यावरचा, तो झाला बाशिंग.

चेहरे सगळे पिवळेधमक. कंपनीनं १९७८ साली ही माणसं काढली ती पिवळीच, कुठल्या एका देशाची वाटू नयेत म्हणून. तिची आई म्हणाली, ‘अगं, सगळ्यांना कावीळ झाल्यासारखं दिसतंय.’ त्यावर ही म्हणते, ‘लग्नच आहे की सिद्धरामेश्वरांचं, हळद लागलीय सगळ्यांना.’ अक्षता सोहळ्याला पिढ्यान्‌पिढ्या जाणारे आपण, आपल्यालाही हे सुचलं नसतं.

पण मी अडकलो तो वाड्याच्या सज्जापाशी. जुन्या वाड्यांना सज्जाखाली लाकडाचे कोरीव आधार असतात ना, ते तसेच, सागवानी रंगाचे, वळणदार. जवळ जाऊन बघितलं तर क्रॉसाँ! बेकरीतला तो फिरंगी पाव. लेगोच्या माणसाला न्याहारीसाठी दिलेला पाव हिनं सज्जाखाली आडवा लावला आणि तो लाकूड झाला. दारावरचं झेंडूचं तोरण म्हणजे ओळीनं लावलेली केळी. एकदा कळलं की केळीच दिसतात, दोन पावलं मागं आलं की पुन्हा झेंडू. मी किती वेळा पुढंमागं केलं ते बहीण अजून सांगत फिरते.

ही युक्ती हिचीच असं नाही. कंपनीनं २०२१ साली बोन्साय झाडाचा एक संच काढला, त्यात फांद्यांवरचा गुलाबी बहर चक्क बेडकांचा आहे. गुलाबी प्लास्टिकचे बेडूक, ढिगानं. त्या मंडळींत बेडकाला बेडूक म्हणून कुणी बघतच नसावं. माझं कौतुक नेमकं इथं आहे, बंड्या. मातीला हवं तसं वळवता येतं, लाकूड तासता येतं. हा ठोकळा कशालाच तयार नसतो. तो आहे तसाच राहणार, म्हणून हलायचं ते बघणाऱ्याच्या डोक्यानं. हिचा नियम कडक आहे: कापायचं नाही, रंगवायचं नाही, गोंद लावायचा नाही. काही लोक लावतात, हिला ते आवडत नाही. मलाही नाही. गोंद लावला की उद्या त्या बाशिंगाचा परत मुकुट कसा होणार?

आता माझ्या धंद्याचं सांगतो, कारण तू हसलास तेव्हा हे तुझ्या लक्षात आलं नव्हतं. मी जन्मभर चादरीचे ग्राफ भरले. जॅकार्डचा, म्हणजे भोकांच्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागाचा ग्राफ म्हणजे एकेका चौकटीत ताणा (उभा धागा) वर की बाणा (आडवा) वर, एवढंच. पण त्या चौकटी नेहमी चौरस नसतात, हे बाहेरच्याला माहीत नसतं. इंचात उभे धागे किती आणि आडवे किती, त्यावर ग्राफचा कागद ठरतो. आठाला आठ, आठाला दहा, आठाला बारा. चुकीच्या कागदावर मोर काढला की कापडावर त्याचं बदक होतं. लेगोचंही अगदी हेच! ठोकळ्याच्या माथ्यावर गोल उंचवटे असतात, त्यांना मी बटणं म्हणतो. एका बटणापासून दुसऱ्या बटणापर्यंत ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची मात्र ९.६. म्हणजे पाचाला सहा. भाचीनं हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, ‘थांब, मला कागद दे.’ पातळ पट्टी ठोकळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याची, ३.२ मिलिमीटर. अशा पाच पट्ट्या एकावर एक ठेवल्या की १६ होतात, आणि दोन बटणांची रुंदीही १६. म्हणून ठोकळा आडवा पाडून भिंतीत बसवला तरी फट पडत नाही. तिच्या वाड्याच्या खिडक्या अशाच आडव्या घुसवल्यात, बटणं समोरच्या बाजूला. अर्ध्या बटणानं सरकवायचं असेल तर त्याचीही वेगळी पट्टी मिळते. त्या रात्री आम्ही मामा-भाची कागदावर चौकटी काढत बसलो आणि तिचा बाप कंटाळून झोपला.

हे जुळणं आलं कुठून, तर डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या सुताराकडून. ओले कर्क क्रिस्तियानसेन यानं १९३२ साली लाकडी खेळण्यांपासून धंदा सुरू केला. आज आपण बघतो तो, खालून नळ्या असलेला ठोकळा १९५८ सालचा. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो. आपल्या घरातल्या मिक्सरला दहा वर्षांनी भांडं मिळत नाही.

एक आकडा ती मला मोठ्या उत्साहानं सांगत होती. चार बाय दोनचे, एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले तर ते किती तऱ्हांनी जोडता येतात? कंपनी बरीच वर्षं १०,२९,८१,५०० सांगायची. त्यात फक्त सहा मजली मनोरेच धरलेले होते. मग सॉरेन आयलर्स नावाच्या डॅनिश गणितज्ञानं सगळ्या रचना मोजल्या, त्या निघाल्या ९१,५१,०३,७६५. गंमत आहे, पण मी तिला म्हटलं, त्यातल्या नव्वद कोटी रचना बघण्यासारख्या नसणार. आकड्यांनी मी दिपत नाही. मोबाइलवर ती मला परदेशातले प्रचंड पुतळे, बोटी, मनोरे दाखवत होती आणि प्रत्येकाखाली इतके लाख ठोकळे, तितके लाख ठोकळे. मला त्यात मजूर दिसतात, कारागीर कमी. ठोकळ्यांनी भिंतीवर माणसाचा चेहरा काढतात तेही दाखवलं. चांगलं असतं, नाही म्हणत नाही. पण आपल्या पूर्व भागातल्या विणकरांनी वॉल हँगिंगवर धाग्यात जे चेहरे विणलेत, ते बघत मोठा झालेला माणूस त्यावर माना डोलवणार नाही. तिथं चौकटीला चौकटीचंच काम असतं. क्रॉसाँचं लाकूड होणं वेगळं.

ताजमहालाचा संचही तिच्याकडं येऊन गेलाय, मैत्रिणीकडून उसना. २००८ साली आलेला, ५,९२२ तुकड्यांचा. तिनं पुस्तिका बघून लावला, चार दिवस ठेवला, मोडून परत दिला. म्हणाली, ‘मामा, ते लावणं झालं, करणं नाही.’ मला ते थोडं टोकाचं वाटलं. पुस्तिका बघूनच हात बसतो. आम्हीसुद्धा आधी दुसऱ्यांचेच ग्राफ उतरवले होते.

तू विचारशील, पैसे? लागतात. या छंदाला स्वस्त म्हणण्यात अर्थ नाही. जगभरचे लोक सुटे तुकडे विकतात ती ब्रिकलिंक नावाची जागा २००० साली सुरू झाली, २०१९ मध्ये लेगो कंपनीनंच ती विकत घेतली. तिथून मागवायचं तर वर टपाल आणि कस्टम. म्हणून ती लोकांच्या घरचे जुने डबे उचलते. दुसऱ्या कंपन्यांचे तसेच ठोकळे स्वस्तात मिळतात आणि तो काही चोरीचा माल नव्हे. मूळ पेटंट कधीच संपलं आणि २०१० मध्ये युरोपच्या न्यायालयानं ठोकळ्याच्या आकारावर ट्रेडमार्क द्यायलाही नकार दिला. ही मात्र गर्दीच्या मागच्या रांगेतच ते वापरते. म्हणते, पकड कमी-जास्त असते, मिरवणूक उचलून दुसऱ्या खोलीत न्यायची झाली तर नंदीध्वज आडवे होतील. आधी सगळं कॉम्प्युटरवर रचून बघायची सोय आहे, ती फुकट. त्याची सुरुवात जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन तरुणानं १९९५ साली केली. बिचारा दोन वर्षांत गेला, पण त्यानं घालून दिलेल्या पद्धतीवर लोक अजून रचतात. ती अडचणीचे सांधे तेवढे पडद्यावर बघते, बाकी सगळं फरशीवर.

आपल्या उन्हाची मला वेगळीच धास्ती होती. ४४ अंशांत प्लास्टिक वितळेल का? तसं काही होत नाही म्हणे. पण ऊन थेट पडलं तर पांढरा रंग पिवळा पडतो, आणि इथं तर सगळी बाराबंदी पांढरी! म्हणून खिडकीला तिनं चादर लावलीय. मी भरलेल्या ग्राफची, मोराची. मोर आहे, बदक नाही, येऊन बघ.

आता तिच्या डोक्यात पुढचं शिरलंय. गिअर, दांडे, अक्ष असलेले टेक्निकचे तुकडे कंपनी १९७७ पासून काढते. त्यातून चालता जॅकार्ड माग करायचाय. कार्डातल्या भोकाप्रमाणं धागा खरंच वर उचलला गेला पाहिजे, असा हट्ट आहे. कार्ड ठोकळ्यांचंच, बटण असेल तिथं एक, नसेल तिथं शून्य. मी म्हटलं, धागे उचलणाऱ्या चार हुकांपासून सुरू कर. ती म्हणते आठ. आमचं यावरून भांडण चालू आहे. मला वाटतं आठ हुकांचं वजन मागाच्या मोटरला ओढवणार नाही, दोऱ्यालाही ताण पुरणार नाही. ती ऐकत नाही, आणि आतून मला तिनं ऐकू नये असंच वाटतं.

तर काम असं आहे. तुझ्या पोरांचा लेगोचा डबा माळ्यावर असणार. वहिनी काही टाकून देणाऱ्यातल्या नाहीत. तो काढ. २००४ च्या सुमारास कंपनीनं करडा रंग बदलला, नवा निळसर झाला. त्याआधीचा करडा आता सहज मिळत नाही आणि किल्ल्याच्या तटाला तिला तोच हवाय. तुझी पोरं त्याच्या आधीची, म्हणजे डब्यात तो निघायलाच पाहिजे. जुना करडा वेगळ्या पिशवीत भर. तपकिरी तुकडे ठिसूळ निघतात, ते हलक्या हातानं वेगळे ठेव. दात लागलेले असले तरी चालतील, मागच्या बाजूला लावता येतात. धुऊ नकोस, ती स्वतः धुते, तिची काही पद्धत आहे. पुढच्या महिन्यात हुतात्मा एक्स्प्रेसनं येशील तेव्हा घेऊनच ये. टपालानं पाठवू नकोस.

वहिनींना नमस्कार सांग. शेंगाचटणी या खेपेला दोन किलो करून ठेवतो, मागच्या वेळी तुला पुरली नव्हती.

तुझा,
ग्राफवाला