शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र : पाच चमचे मोजता येतात का, ते बघा

मा. शिक्षणमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

बालवाडीची तपासणी म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला: मुलांना अक्षरं किती येतात, अंक कुठपर्यंत येतात? माझी तक्रार या प्रश्नाबद्दलच आहे.

साडेतीन वर्षांचं मूल एक ते वीस घडाघडा म्हणतं. त्यालाच सांगा, "मला पाच चमचे दे." बरीच मुलं हाताला येतील तेवढे उचलून देतात. आकडे पाठ असतात, पाच म्हणजे किती ते कळायचं असतं. ते वहीत गिरवून कळत नाही. जेवायला बसलेल्या प्रत्येकापुढे एकेक चमचा ठेवताना कळतं, कमी पडला की उठून आणखी एक आणताना कळतं. अमेरिकेतले संशोधक ग्रेग डंकन आणि सहकाऱ्यांनी सहा दीर्घकालीन अभ्यासांची आकडेवारी तपासून 2007 साली दाखवलं, की मूल शाळेत येतं तेव्हाच्या गणिताच्या समजेवरून पुढच्या प्रगतीचा अंदाज सगळ्यात चांगला बांधता येतो.

घराचंही तसंच. इंग्लंडमध्ये 1997 पासून सुमारे 3000 मुलांचा अभ्यास झाला. आईवडील कोण आहेत यापेक्षा ते मुलांबरोबर काय करतात याला जास्त महत्त्व, असं त्यात दिसलं. करतात म्हणजे काय, तर गोष्ट वाचून दाखवणं, गाणी म्हणणं, चित्रं काढू देणं, वाचनालयात नेणं. (कृपा करून याचा अर्थ तीन वर्षांच्या मुलांना गृहपाठ असा काढू नका!)

नुसते वर्ग वाढवून भागत नाही. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात सोडत काढून बालवर्गात प्रवेश दिले गेले. सहावीत पोचल्यावर प्रवेश मिळालेलीच मुलं मागे पडलेली दिसली. 2022 सालचा हा निष्कर्ष आहे. उलट, अमेरिकेतल्याच 1960च्या दशकातल्या पेरी या बालवाडी प्रकल्पात मुलं होती जेमतेम 123, पण वर्गाखेरीज शिक्षिका दर आठवड्याला घरी जाऊन आईसोबत बसत. तिथे बुद्ध्यांकातली वाढ काही वर्षांत ओसरली, तरी पुढे शाळा पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण मात्र वाढलं.

म्हणून मागणी दोनच. तपासणीच्या तक्त्यातला अक्षरांचा रकाना काढा. तिथे बाई मुलांशी किती बोलतात, मुलं उलट प्रश्न विचारतात का, हे लिहायला लावा. आणि गृहभेटींचा वेळ कामाच्या तासांत धरा, त्याचा पगार द्या. आज ज्या बाई जातात त्या स्वतःच्या वेळात, पदरमोड करून जातात.

आपली,
एक बालवाडी शिक्षिका