नानासाहेबांच्या शेवटाबद्दल, मित्रास

प्रिय बाळ्या,

दिवाळी अंकासाठीचा तुझा 1857 च्या बंडातल्या, नंतर नाहीशा झालेल्या नानासाहेब पेशव्यांवरचा लेख वाचला. विषय माझ्या जिव्हाळ्याचा म्हणून स्पष्टच सांगतो, शेवटची पानं पुन्हा लिही. त्या काळातल्या इंग्रजांनी जे रंगवून लिहिलं तेच तू उचललंयस, फक्त खलनायकाचा नायक केलास, पण पुरावा कच्चा तो कच्चाच राहिला ना रे.

बघ, 1858 मध्ये इंग्रज सरकारने नानासाहेबांना पकडून देणाऱ्याला एक लाखाचं इनाम लावलं. त्या काळी एक लाख! मग काय, जिकडेतिकडे नाना दिसायला लागले, 1863 ला अजमेरला एकाला पकडलं, 1874 ला तर खुद्द जयाजीराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला एकाला धरून इंग्रजांच्या हवाली केलं, त्याला कानपूरला नेऊन ओळख पटवायला जुनी माणसं बोलावली, आणि नानासाहेबांना ओळखणाऱ्या डॉक्टर ट्रेसिडरने सांगितलं की हा तो नव्हे. आता पकडणाऱ्याला मिरवायचं होतं, पण नाही म्हणण्यात डॉक्टरला काय मिळणार होतं? मी डॉक्टरवर विश्वास ठेवीन.

बीबीघरच्या, म्हणजे कानपुरात कैदेतल्या इंग्रज बायकापोरांना मारलं त्या घराच्या, भिंतींचं तर उघड बनावट प्रकरण. 17 जुलै 1857 ला इंग्रज सेनापती हॅवलॉकची फौज कानपुरात शिरली, जे आधी आत गेले त्यांना रक्त दिसलं, बायकांचे केस, पोरांचे जोडे दिसले, भिंतीवर एक अक्षर नव्हतं. सूड घ्या वगैरे मजकूर नंतर आलेल्या सोल्जरांनी खरडला आणि तो मेलेल्या बायकांच्या नावावर खपला. हत्याकांड झालं, ते तू लेखात अजिबात सौम्य करू नकोस. पण मारण्याआधी बायकांची अब्रू लुटल्याच्या ज्या कहाण्या लंडनमध्ये छापल्या गेल्या त्यांना, नंतर चौकशी करणाऱ्या कर्नल विल्यम्सने इतक्या साक्षी घेऊनही आधार मिळाला नाही, आणि हे इंग्रज अधिकाऱ्याचंच म्हणणं असल्यामुळे त्याला वजन आहे.

राजकोटकडचा 1895 चा किस्सा तुला फारच भावलाय, म्हातारा बैरागी नानासाहेब म्हणून पकडला, तरुण साहेबाने कलकत्त्याला तार केली आणि ताबडतोब सोडा असं उत्तर आलं. अरे हे सगळं सांगोवांगी, एका ब्रिटिश पत्रकाराने नंतर छापलेलं. ती तार कुठल्या दप्तरात सापडली तर दाखव, मी पेढे घेऊन येतो.

भक्कम काय असेल तर एप्रिल 1859 चा नानासाहेबांचा स्वतःचा इश्तिहारनामा, म्हणजे जाहीरनामा, व्हिक्टोरिया राणीच्या नावे. त्यात ते खुनांचा आरोप नाकारतात, आता स्वतःची बाजू माणूस मांडणारच, पण तेव्हा ते जिवंत होते आणि झुकले नव्हते एवढं त्यातून पक्कं कळतं. त्याच वर्षी ते तराईत, नेपाळच्या पायथ्याच्या जंगलात, तापाने गेल्याची बातमी नेपाळकडून आली. नेपाळचा कारभारी जंगबहादुर, त्याला इंग्रजांची मर्जी सांभाळायची होती, तेव्हा तीही डोळे झाकून घेऊ नकोस, तरी नानासाहेबांचे भाऊ बाळारावही तिथेच तापाने गेले असं म्हणतात, तराईतला हिवताप कुणाला सोडत नव्हता, मला ती खरी वाटते.

गुजरातेतल्या सिहोरची आणि उत्तरेतल्या नैमिषारण्यातली माणसं नानासाहेबांची म्हणून आपापली समाधी श्रद्धेने दाखवतात, त्यांचा मान राखून लिही, पण पुराव्याच्या रांगेत त्या बसवू नकोस. संपादकांकडून आठवडाभर मागून घे आणि नवा खर्डा आधी मला पाठव.

तुझा,
अण्णा