४१२ डॉलर : अमेरिकेच्या अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय ट्रेझरी सेक्रेटरी,
वॉशिंग्टन यांना

सविनय नमस्कार. विनंती विशेष,

हे पत्र इंग्रजीत तुमच्या कार्यालयाला आणि माझ्या दोन्ही सिनेटरांना मी आधीच पाठवलं आहे. मराठीत लिहिते आहे ती माझ्या माणसांसाठी. सत्तर-ऐंशीच्या दशकात दोन बॅगा घेऊन इथे आलेली आमची पिढी आता सत्तरीला टेकली आहे. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाचं ताट हातात धरून आम्ही एकमेकांना विचारतो, "तू रॉथ केलंस का?" म्हणजे, निवृत्तीचे पैसे आत्ताच कर भरून रॉथ नावाच्या खात्यात वळवलेस का? त्यांनी माझी हकिकत वाचावी आणि तुम्हीही वाचावी.

तीन आठवड्यांपूर्वी टपालात एक पत्र आलं. २०२६ मध्ये माझ्या मेडिकेअरच्या, म्हणजे म्हातारपणीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, पार्ट बीचा (डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाचा) हप्ता महिना २०२.९० डॉलरऐवजी २८४.१० असेल, आणि औषधांच्या पार्ट डीवर आणखी १४.५०. कारण, २०२४ चं माझं उत्पन्न १,०९,४१२ डॉलर भरलं आणि जादा हप्ता न लागण्याची एकट्या व्यक्तीची मर्यादा १,०९,००० आहे. वर गेले ४१२ डॉलर आणि वर्षाचा भुर्दंड ११४८ डॉलर. एकच डॉलर वर गेला असता तरी एवढाच बसला असता.

मी सत्तर वर्षांची आहे. इस्पितळाच्या लॅबमध्ये चोवीस वर्षं काम केलं. घरातले हिशेब मात्र कायम ह्यांच्याकडे. ह्यांनी एकाच कंपनीत बत्तीस वर्षं काढली, दर पगारातून ४०१ के, म्हणजे कंपनीतल्या निवृत्तीच्या खात्याचा हप्ता, कापून घेतला, निवृत्त झाल्यावर तो ट्रॅडिशनल आयआरएमध्ये, म्हणजे स्वतःच्या निवृत्ती खात्यात, वळवला. २०२३ च्या ऑक्टोबरात हे गेले. त्यांची निळ्या पुठ्ठ्याची हिशेबाची वही माझ्याकडे आहे. सगळे आकडे मराठी, सगळे उभ्या रांगेत. शेवटच्या पानावर केमोच्या दिवसांतलं पेन्सिलीचं अक्षर आहे, ओळ उजवीकडे खाली घसरत गेलेली : "तुझं ७३ व्हायच्या आत निम्मं तरी रॉथ करून घे. एकदम नको. ब्रॅकेट बघून."

मी तेच करायला गेले.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ट्रॅडिशनल खात्यातल्या पैशावर कर भरायचा राहिलेला असतो. ७३ व्या वर्षापासून सरकार दर वर्षी त्यातला ठरावीक भाग काढायलाच लावतं, गरज असो नसो, आणि त्यावर कर घेतं. रॉथमध्ये वळवलं तर कर आत्ताच भरायचा. पुढे वाढ करमुक्त, आणि मालकाच्या हयातीत सक्तीने काढणं नाही. म्हणून साठी ते त्र्याहत्तरी या वर्षांत थोडंथोडं वळवायचं, असं सगळेच सांगतात. मुलांचाही विचार असतो. २०१९ च्या कायद्यानंतर मुलांना वारशाने आलेलं असं खातं दहा वर्षांत रिकामं करावं लागतं. माझा मुलगा तेव्हा त्याच्या सगळ्यात जास्त पगाराच्या वर्षांत असेल.

हे वयसुद्धा तुम्ही एका जागी राहू दिलं नाही. आधी साडेसत्तर होतं, मग ७२ झालं, मग ७३, आणि २०३३ पासून ७५. ह्यांच्या वहीत साडेसत्तर खोडून ७२ लिहिलंय, ते खोडून ७३. आजारी माणूस खोडरबर घेऊन तुमच्या कायद्याच्या मागे धावत होता.

आता ब्रॅकेट, म्हणजे उत्पन्नाच्या कोणत्या टप्प्याला किती टक्के कर ते. नवरा गेला त्या वर्षाचं रिटर्न जोडीने भरता येतं. पुढच्या वर्षापासून, घरात अवलंबून असलेलं मूल नसेल तर, तुम्ही 'सिंगल'. २०२४ साली जोडप्याला २२ टक्के कर ९४,३०० डॉलरच्या पुढे लागत होता, मला ४७,१५० च्या पुढेच लागला. एवढंच उत्पन्न जोडीने दाखवता आलं असतं तर वजावटीनंतर सगळं १२ टक्क्यांच्या आत बसलं असतं. घर तेच, घरपट्टी तीच, छपराची गळती तीच. फक्त जेवणाच्या टेबलावरची एक खुर्ची रिकामी झाली. तिच्यासाठी जादा कर मागायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

डिसेंबर २०२४ मध्ये मी ६०,००० डॉलर रॉथमध्ये वळवले. त्या वेळी जाहीर असलेली मेडिकेअरची मर्यादा १,०६,००० होती, म्हणून सल्लागाराने हिशेब १,०५,७०० वर आणून थांबवला. तो अंदाजच होता, कारण २०२४ च्या उत्पन्नावर २०२६ चा हप्ता ठरतो आणि २०२६ ची मर्यादा कळते २०२५ च्या शेवटी. परीक्षा आधी, अभ्यासक्रम वर्षभराने. मग नाताळच्या आठवड्यात ह्यांच्या एका जुन्या म्युच्युअल फंडाने ३७१२ डॉलरचा भांडवली नफा वाटला. मी काही विकलं नव्हतं, मागितलं नव्हतं. फेब्रुवारीत फॉर्म आला तेव्हा मला कळलं.

२०१७ पर्यंत यावर इलाज होता. केलेलं कन्व्हर्जन (हे रॉथमध्ये वळवणं), सगळं किंवा थोडं, पुढच्या वर्षाच्या १५ ऑक्टोबरपर्यंत मागे घेता येत होतं. मी पाचशे डॉलर परत ट्रॅडिशनलमध्ये टाकले असते आणि विषय संपला असता. २०१७ च्या करकायद्याने २०१८ पासून हा रस्ता बंद केला. कारण काय सांगतात, तर पैसेवाले चार खात्यांत कन्व्हर्जन करायचे आणि बाजार पडला की पडलेलं तेवढं रद्द करून घ्यायचे. मग त्यांना धरा ना! त्यांच्यासाठी दार बंद केलंत आणि बोटं चिरडली ती आमची.

हप्त्याचं ते पत्र घेऊन मी ते पाठवणाऱ्या सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी पेन्शनच्या, कार्यालयात गेले. दीड तास बसले. फॉर्मवर आयुष्यातल्या मोठ्या बदलांची यादी आहे : लग्न, घटस्फोट, जोडीदाराचा मृत्यू, नोकरी सुटणं, असं बरंच. त्यातलं काही घडलं असेल तर हप्ता कमी करायला अर्ज करता येतो. खिडकीपलीकडच्या बाई मनापासून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, मृत्यू यादीत आहे, पण तुमचं २०२४ चं उत्पन्न मृत्यूमुळे वाढलेलं नाही, कन्व्हर्जनमुळे वाढलंय, आणि कन्व्हर्जन यादीत नाही. ती वही माझ्या पिशवीत होती. नवरा मेला नसता तर मी हे कन्व्हर्जन घाईने केलं असतं का, हे विचारायचं होतं. विचारलं नाही. घरी येऊन गाडीतच बसून राहिले, गराजमध्ये, कितीतरी वेळ.

आणि वचनाचं काय झालं? २०२४ च्या निवडणुकीत आम्हाला सांगितलं होतं, सोशल सिक्युरिटीवर कर राहणार नाही. जुलै २०२५ च्या कायद्यात आली ती ६५ आणि त्यावरच्या वयाच्यांना ६००० डॉलरची वजावट. तीही फक्त २०२८ पर्यंत, आणि एकट्याचं उत्पन्न ७५,००० च्या वर गेलं की दर डॉलरमागे सहा सेंटने घटणारी. म्हणजे यंदा रॉथ केलं की ती वजावटही विरघळते. सोशल सिक्युरिटीवरचा कर जिथे होता तिथेच आहे. एकट्या माणसाला तो २५,००० डॉलरपासून लागायला सुरुवात होते. हा आकडा १९८३ सालचा! महागाईप्रमाणे एकदाही वाढवलेला नाही. मी १९८१ मध्ये इथे आले. तेव्हापासून दूध, भाडं, बसचं तिकीट, सगळं किती पटीने वाढलं हे तुम्हाला माझ्याकडून कळायला नको. मेडिकेअरची मर्यादा हलते, ब्रॅकेट हलतात. म्हाताऱ्या माणसाचे २५,००० तेवढे चाळीस वर्षं खिळ्याने ठोकून ठेवलेत.

सांगलीला माझा भाऊ आहे, निवृत्त शिक्षक. त्याने पोस्टात पीपीएफ काढलं होतं. पंधरा वर्षं भरलं, मुदत संपली, पैसे हातात आले, त्यावर कर शून्य. रक्कम माझ्या मानाने लहान आहे हे मला कबूल. पण त्याला एका पासबुकात जे उमगतं त्यासाठी मला वर्षाला सल्लागाराची फी मोजावी लागते, आणि तरी ४१२ डॉलरने चूक होते. १९७८ च्या कायद्यातल्या एका कलमाचा क्रमांक, ४०१ के, आमच्या पिढीच्या म्हातारपणाचं नाव होऊन बसला. १९९७ साली डेलावेअरच्या सिनेटर रॉथ यांचं नाव दुसऱ्या खात्याला मिळालं. कंपन्यांनी पेन्शन बंद केल्या आणि सांगितलं, तुमचं तुम्ही साठवा, तुमचं तुम्ही समजून घ्या. आम्ही साठवलं. हॉटेलात न जेवता, हिवाळ्यात घराचं तापमान खाली ठेवून साठवलं. ज्यांच्याकडे कोट्यवधी आहेत ते वकील नेमतात. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना हा प्रश्न पडत नाही. मधल्या माणसाने इमानाने बाजूला टाकलेल्या पैशावर मात्र तुम्ही जागोजागी पायऱ्या बांधून ठेवल्यात, अंधारात.

म्हणून मागते. भीक नव्हे, हक्काचं आहे. कन्व्हर्जन रिटर्न भरायच्या तारखेपर्यंत मागे घेता येऊ द्या. बाजारावर खेळणाऱ्यांची भीती असेल तर रकमेवर मर्यादा घाला. मेडिकेअरच्या मर्यादेवर कडा नको, उतार हवा. जितके डॉलर वर, तितक्याच प्रमाणात वाढ. ज्याचा जोडीदार गेला त्याला निदान दोन वर्षं जोडप्याचे ब्रॅकेट द्या, मूल असो नसो. आणि ते २५,००० हलवा. हे काँग्रेसचं, म्हणजे इथल्या संसदेचं, काम आहे असं उत्तर येईल, मला माहीत आहे. काँग्रेसपुढे करांच्या सूचना घेऊन तुम्हीच जाता.

याआधी मी दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा छापील उत्तर आलं, मजकूर तोच, तळाशी माझं नाव चुकीचं. या वेळी निदान कुणीतरी वाचून लिहा.

३१ डिसेंबरच्या आत मला यंदाच्या कन्व्हर्जनचा आकडा सांगायचा आहे. त्यावर २०२७ चा हप्ता ठरेल, आणि २०२७ ची मर्यादा अजून जाहीर झालेली नाही. वहीत मी '२०२५' असं लिहून पुढची जागा मोकळी ठेवली आहे.

आपली,
एडिसन, न्यू जर्सी येथील एक करदाती
डिसेंबर २०२५