जेलच्या रांगेतल्या काकूंना

काकू,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. व्यसनी माणसांच्या घरच्यांच्या आपल्या मीटिंगमध्ये कोणी कोणाचं आडनाव, मोहल्ला विचारत नाही. तो नेम इथेही पाळते. नागपुरात वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहाबाहेर, मे महिन्याच्या उन्हात, डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन बसलेल्या बाईला तुम्ही विचारलं होतं, "काय मोजून राहिली वं?" ती मी.

नोटा मोजत होते. भाऊ एमडीसकट, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरीसकट, पकडला गेला होता. एक माणूस म्हणाला होता, तीस हजारांत जामीन करून देतो, आठवड्यात पोट्टा घरी. नोटा वहीत ठेवलेल्या. तुम्ही नोटांकडे पाहिलंच नाही, वही मागितली. त्यात मी दीड वर्षाची त्याची देणी लिहून ठेवली होती: पानठेल्याची उधारी, कोणाचा तरी विकलेला मोबाईल, आईची पोत सोनाराकडून दोनदा सोडवली ते. "बेरीज केली का कधी?" नव्हती केली. भिंतीच्या सावलीत बसून तुम्हीच केली. 1 लाख 86 हजार 400. वही परत देताना म्हणालात, "एवढ्याचा माल तू घेऊन दिला त्याले."

फार राग आला तुमचा. उठून दूर जाऊन बसले. बोलायला काय जातं हिचं, असं वाटलं. तुमचाच मुलगा आत आहे आणि तोही तिसऱ्यांदा, हे मागून कळलं.

पण त्या माणसाला पैसे दिले नाहीत. तुम्ही सांगितलं तशी सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात गेले. कोठडीतल्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळतो. 1987 चा कायदाच आहे. दीड महिना कोर्टात चपला झिजवल्या, पण हे कोणी बोललं नव्हतं. वकील मॅडमनी आधी पंचनाम्यातलं वजन वाचून दाखवलं. एमडी 50 ग्रॅमपेक्षा जास्त सापडली तर जामिनाच्या अटी फार कडक. याच्याकडे सहा ग्रॅम, म्हणजे त्या अटी लागतच नव्हत्या. त्या माणसाला तीस हजारांची एवढी घाई का होती, ते तेव्हा उमगलं.

रविवारच्या मीटिंगला तुम्ही दोनदा बोलावलं, तिसऱ्यांदा आले. बहुतेक दारूवाल्यांच्या बायका, बहीण मी एकटीच. आम्ही सगळ्यांना सांगत होतो की तो पुण्याला कंपनीत आहे. राखीसुद्धा पोस्टानं पाठवल्याचं शेजारी सांगून झालं होतं. "माझा भाऊ जेलात आहे" हे मी तिथे पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले. कोणी मान वळवून पाहिलं नाही. चहा फिरत होता, तो फिरतच राहिला. काकू, त्या चहाचं काय सांगू!

आईला तिथे आणता आलं नाही. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, पाहायला उभ्या होतो. "घेऊन जाय गे मारबत" असा गलका चाललेला. आई दरवर्षी ओठातल्या ओठात पोराचं व्यसन घेऊन जा म्हणते. यंदा शेजारच्या बाईंनी विचारलं, मुलगा दिसत नाही? आई म्हणाली, "जेलात आहे." आणि परत मिरवणूक पाहू लागली.

जामीन झाला. "सुटला तर उतरणार कुठं?" हा तुमचा प्रश्न डोक्यात होता, म्हणून गेटवरून घरी न नेता थेट व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. मधे एकदा घसरला. दोन हजार मागायला आला. दिले नाहीत, जेवायला वाढलं. तो ताट सारून निघून गेला. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता माझ्या. तुम्हाला शिव्याही घातल्या, लपवत नाही. चार दिवसांनी स्वतःच्या पायांनी केंद्रात परत गेला. पुढचं मला माहीत नाही.

वही अजून आहे. नवीन पान लिहिलेलं नाही.

तुमच्या मुलाची तारीख पुढच्या महिन्यात आहे ना? मुलाकातीला जाल त्या दिवशी मला फोन करा. रांगेत मी सोबत बसते. पोळी-भाजी मी आणीन, तुम्ही फक्त पाण्याची बाटली घ्या.

तुमची,
वहीवाली