मंत्रिमहोदय, विषाला कार्यालयीन वेळ नसते

मा. मंत्रिमहोदय, पशुवैद्यकीय सेवा,
सप्रेम नमस्कार.

काल आपल्या खात्याचं पत्र मिळालं. जावक क्रमांक, विषय, संदर्भ, सगळं जागच्या जागी आहे. मजकूर दोन ओळींचा: ‘आपल्या श्वानाच्या जठरातील पदार्थ व यकृताचा नमुना फॉर्मलिनमध्ये प्राप्त झाल्याने विषपरीक्षण करता येत नाही. सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.’

महोदय, तो नमुना मी फॉर्मलिनमध्ये घातला नव्हता. शवविच्छेदन आपल्याच दवाखान्यात झालं आणि बरणी आपल्याच कर्मचाऱ्याने माझ्या डोळ्यांदेखत भरली. फॉर्मलिन म्हणजे ऊती कुजू न देणारं रसायन, ते लागतं सूक्ष्मदर्शकाखाली ऊती तपासायला. विष शोधायचं तर जठरातला ऐवज, यकृत, मूत्रपिंड, लघवी असं सगळं वेगवेगळ्या स्वच्छ बरण्यांत, काहीही न मिसळता, गोठवून पाठवायचं असतं. हे मला आता माहीत झालं आहे. ज्याला ते आधीपासून माहीत असायला हवं होतं, त्याचा पगार आपलं खातं देतं. आणि निकाली काय काढलंत, तर माझं प्रकरण!

माझा कुत्रा बंड्या सात वर्षांचा होता. संध्याकाळी फिरून आला आणि थोड्याच वेळात तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या. मग डोळ्यांतून पाणी, उलट्या, आणि उभ्या उभ्या लघवी-शी सुटली. जन्मात कधी घरात घाण न केलेलं जनावर ओशाळून आमच्याकडे बघत होतं. मांडीच्या कातडीखाली स्नायू सारखे फडफडत होते. टॉर्च मारून पाहिलं तर डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. हे सगळं एकदम दिसलं की ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट जातीच्या कीटकनाशकाचा संशय घ्यायचा, हे पशुवैद्यकाच्या पुस्तकात छापलेलं आहे. त्यावर उपायही आहे. अ‍ॅट्रोपिन लाळ थांबवतं, छातीत साठणारा स्राव कमी करतं, मंदावलेलं हृदय सावरतं. स्नायूंची फडफड आणि लुळेपणा मात्र त्याने जात नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट असेल तर त्यासाठी प्रॅलिडॉक्सिम लागतं, आणि तेही वेळेत. उशीर झाला की विष मज्जातंतूंचे संदेश आवरणाऱ्या एन्झाइमला कायमचं चिकटतं, मग औषध असून नसल्यासारखं.

आपण गेल्या वर्षी व्यासपीठावरून दोन गोष्टी जाहीर केल्या होत्या, आठवतं का? चोवीस तास हेल्पलाइन आणि प्रत्येक दवाखान्यात विषावरच्या उताऱ्यांचा साठा. टाळ्या बऱ्याच पडल्या होत्या. त्या रात्री हेल्पलाइनवर एका बाईंच्या गोड आवाजाने माझा फोन त्यांच्यासाठी किती महत्त्वाचा आहे ते सांगितलं, बराच वेळ संगीत ऐकवलं आणि शेवटी कार्यालयीन वेळेत संपर्क साधायला सांगितलं. दवाखान्याला कुलूप. दारावर आपला मोठा फोटो, मांडीवर पिल्लू, खाली ‘मुक्या जीवांचे कैवारी’. दुसऱ्या एका डॉक्टरांना झोपेतून उठवलं. त्यांच्याकडे अ‍ॅट्रोपिनच्या थोड्या कुप्या होत्या, प्रॅलिडॉक्सिम नव्हतं. बंड्या उजाडायच्या आत गेला.

त्या फलकावर फोटोऐवजी काय असायला हवं होतं, ते सांगू का? संशय आला की कुत्र्याला आधी त्या जागेवरून दूर न्या. तोंडात तुकडा असेल तर हातमोजे घालून काढा. विषाचं पाकीट, डबा, उलटी, जे सापडेल ते पिशवीत घालून बरोबर घ्या. काय खाल्लं, किती, कधी आणि कुत्र्याचं वजन, एवढं डॉक्टरांना फोनवरच सांगा. अंगावर कीटकनाशक सांडलं असेल तर हातमोजे घालून सौम्य साबणाने धुवा आणि चाटू देऊ नका. आणि घरच्या घरी उलटी करवू नका! आमच्याकडेही शेजारी धावून आले, कोणी मिठाचं पाणी आणलं, कोणी दूध. माया खरी, पण जास्तीचं मीठ रक्तात चढलं की तेच जीव घेतं. झटके येणाऱ्या किंवा शुद्ध हरपत चाललेल्या कुत्र्याच्या तोंडात काहीही ओतलं तर ते फुप्फुसात उतरतं. अ‍ॅसिड किंवा रॉकेल पोटात असेल तर उलटी करवणं म्हणजे घसा दुसऱ्यांदा भाजणं, नाहीतर छातीत नवं दुखणं. डॉक्टर उलटी करवतात तीही साधारण पहिल्या दोन तासांत आणि कुत्रं शुद्धीवर असेल तरच. नंतर काही विषांवर औषधी (सक्रिय) कोळशाची पूड देतात.

बरं, सगळी विषं बंड्याच्या विषासारखी आरडाओरडा करत येत नाहीत. उंदीर मारायचं जे विष रक्त गोठू देत नाही, ते खाल्लेलं कुत्रं दोन-चार दिवस मस्त हुंदडतं. मग हिरड्या पांढऱ्या पडतात, शी काळी होते, नाकातून रक्त येतं किंवा छातीत रक्तस्राव होऊन धाप लागते. वेळेत कळलं तर यातून कुत्रं वाचतं, पण व्हिटॅमिन के-१ आठवडेच्या आठवडे, बहुधा तीन-चार, द्यावं लागतं. चार दिवसांत बरं दिसतंय म्हणून बंद केलं की पुन्हा रक्तस्राव. झिंक फॉस्फाइड हेही उंदराचंच विष, पण त्याची तऱ्हा आणखी वेगळी. त्याला उताराच नाही. जठरातल्या आम्लाशी गाठ पडली की फॉस्फिन वायू तयार होतो आणि पोटात अन्न असेल तर आम्ल वाढून तो जास्तच होतो, म्हणजे मायेने भरवलेला घास इथे घात करतो. अशा कुत्र्याने गाडीत उलटी केली तर आधी काचा खाली करायच्या, कारण तो वायू माणसालाही सोडत नाही. गाडीतल्या कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असेल आणि कुत्र्याने ते चाटलं, तर ते आधी झिंगल्यासारखं चालतं, मग बरं वाटतं, आणि एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं जातात. ‘सकाळी बघू’ म्हणणारे तिथेच फसतात. चॉकलेट, मनुका, बिनसाखरेच्या गोळ्यांतलं झायलिटॉल, आपल्या डोकेदुखीच्या गोळ्या ही तर घरातलीच मंडळी.

आता म्हणाल, एवढं सगळं लोकांपर्यंत पोचवणं व्यवहार्य नाही. अमेरिकेत प्राण्यांच्या विषबाधेवर फोनवरून सल्ला देणारं केंद्र १९७८ पासून आहे. हल्ली तिथे वर्षाला ४ लाखांहून अधिक प्रकरणं येतात. ब्रिटनमध्ये पशुवैद्यांसाठी अशी सेवा १९९२ पासून आहे. आपल्या सचिवांना अभ्यासदौऱ्यासाठी हे दोन देश पुरावेत. परतल्यावर अहवाल लिहितीलच, निदान तो तरी फॉर्मलिनमध्ये ठेवू नये.

तक्रार नोंदवायला गेलो तर पहिला प्रश्न, ‘कुत्र्याची किंमत किती?’ अर्जात रकानाच तसा आहे, गेलेल्या मालमत्तेचं मूल्य. मी रिकामा सोडला, तर अर्ज अपूर्ण म्हणून परत. मग विचारलं, संशय कोणावर? अहो, ते शोधायलाच तर आलोय! विष कोणतं ते प्रयोगशाळा सांगणार, प्रयोगशाळेला बरणी चालत नाही, बरणी भरणाऱ्याला कोणी विचारत नाही, आणि विष घालणारा आरामात फिरतो आहे. ज्या वळणावर ते पडलं होतं तिथे दुपारी पोरं खेळतात. हेही मी अर्जात लिहिलं होतं. त्यावर ‘सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’ असं उत्तर आलं. कुठल्याही खात्याच्या अखत्यारीत न येणारी एवढी मोठी जागा सरकारने कशी तयार केली, याचं मला खरंच कौतुक वाटतं. मत मागायला येता तेव्हा मात्र आमची गल्ली बरोबर आपल्या अखत्यारीत येते. जनावरांसाठी एक खातं, कीटकनाशकांच्या परवान्यांसाठी दुसरं, तपासासाठी तिसरं, आणि तिघांच्या मधे मेलेलं कुत्रं उचलायला मालकच.

मागण्या थोड्याच आहेत. दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन, प्रॅलिडॉक्सिम आणि व्हिटॅमिन के-१ ठेवा, आणि मुदत संपलेला साठा मोजणीत धरू नका. नमुना कसा घ्यायचा ते शवविच्छेदनाच्या टेबलाशेजारी चिकटवा, आपला फोटो काढून तिथेच जागा होईल. बरणी कोणी भरली याची चौकशी करा आणि उत्तर लेखी द्या.

हेल्पलाइनवर रात्री माणूस बसवता येत नसेल, तर तो क्रमांक आजच बंद करा. त्या बाई बोलत असतात तेवढ्या वेळात निदान गाडी तरी काढता येईल.

आपला,
एक कुत्रेवाला मतदार