प्राध्यापक संघटनेत सीएचबीच्या सहकाऱ्यांना बरोबरीचे स्थान हवे

महोदय,

महाविद्यालयांतील रिक्त जागा, तासिका तत्त्वावरील म्हणजेच सीएचबीच्या नेमणुका आणि त्यांचे रखडलेले मानधन यांविषयीच्या बातम्या वृत्तपत्रांतून सातत्याने येत असतात. त्यांत शासनाला आणि संस्थाचालकांना जाब विचारला जातो व तो विचारलाच पाहिजे. या पत्रातून मला मात्र आम्हा प्राध्यापकांच्या संघटनांकडे लक्ष वेधायचे आहे, कारण ज्या सभासदाला स्वतःच्या संघटनेच्या सभेत सन्मानाने वागवले जात नाही, तो तिच्या आंदोलनात मनापासून उतरेल ही अपेक्षा व्यर्थ आहे.

एकजूट म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील प्राध्यापकांना कोणी शिकवायची गरज नाही. महाराष्ट्र प्राध्यापक महासंघाने, म्हणजे एम्फुक्टोने, २०१३ च्या फेब्रुवारीपासून मेपर्यंत विद्यापीठीय परीक्षांच्या कामावर बहिष्कार घातला होता. सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीबरोबरच १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेमणूक झालेल्या बिगर नेट-सेट, म्हणजे नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या, प्राध्यापकांच्या सेवेचा प्रश्न ही त्यातील कळीची मागणी होती. ज्यांना या मागणीतून एक पैशाचाही लाभ होणार नव्हता, असे अनेक नेट-सेट उत्तीर्ण प्राध्यापक तेव्हा सहकाऱ्यांसाठी ठामपणे उभे राहिले. विद्यार्थ्यांचे निकाल लांबतील म्हणून समाजाचा रोष ओढवला, उच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला, ७१ दिवसांचे वेतन रोखले गेले आणि त्यासाठी पुढे कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. बहिष्काराचा मार्ग योग्य होता की नाही, यावर आजही आमच्यात मतभेद आहेत. परंतु दुसऱ्याच्या प्रश्नासाठी स्वतःचा पगार पणाला लावणारी ती वृत्ती निःसंशय मोलाची होती.

आज त्याच वृत्तीची सर्वाधिक गरज सीएचबीवरील सहकाऱ्यांना आहे. त्यांच्यापैकी कित्येक जण नेट, सेट आणि पीएच.डी. अशा सर्व पात्रता धारण करतात. तरीही दरवर्षी नव्याने मुलाखत, घेतलेल्या तासांपुरतेच मानधन, उन्हाळी सुट्टीत शून्य उत्पन्न आणि पुढच्या वर्षी तासिका मिळतील की नाही याची टांगती तलवार, असे त्यांचे जगणे आहे. एका जिल्हास्तरीय सभेत अशाच एका तरुण प्राध्यापिकेने मानधनाची देयके कित्येक महिने का अडकली आहेत, असा प्रश्न विचारला. तिचे वाक्य पुरे होण्याआधीच पुढच्या रांगेतून आवाज आला, ‘आधी वर्गणी भरली आहे का ते सांगा.’ सभागृहात हशा पिकला आणि अध्यक्षांनी विषयपत्रिकेवरील पुढचा विषय पुकारला. ती खाली बसली. तिच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाहीच, पण ते तिला मिळावे असे त्या भरल्या सभेत कोणालाही वाटले नाही, हे मला अधिक गंभीर वाटते.

आदराने वागणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. संघटनेत कडाडून वाद झाले पाहिजेत, हिशोब मागितले गेले पाहिजेत, पदाधिकाऱ्यांच्या निर्णयांची चिरफाड झाली पाहिजे. मात्र विद्यापीठाच्या अधिसभेच्या (सिनेटच्या) निवडणुका जवळ आल्या की विरोधी पॅनेलमधल्या सहकाऱ्याला ‘व्यवस्थापनाचा माणूस’ ठरवायचे, त्याची जात आणि त्याचे गाव काढायचे, आणि निकालानंतर त्याला बैठकांचे निरोपही द्यायचे नाहीत, याला वाद म्हणता येत नाही. उद्या त्याच सहकाऱ्याला संस्थेने आकसाने निलंबित केले, तर तो कोणाचे दार ठोठावणार? संस्थाचालकांना आमच्यातील या फटी नेमक्या ठाऊक असतात.

याहून नाजूक प्रश्न एका सभासदाने दुसऱ्या सभासदाविरुद्ध केलेल्या तक्रारीचा आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असते आणि लैंगिक छळाच्या तक्रारीची चौकशी तिनेच करायची असते. अशा वेळी ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो जुना कार्यकर्ता असेल, तर संघटना त्याच्यामागे उभी राहते आणि तक्रारदार स्त्रीला ‘संघटनेची बदनामी नको’ असे समजावले जाते. वास्तविक दोघेही सभासद आहेत. आरोप असलेल्याला न्याय्य सुनावणी मिळावी हे पाहणे जसे संघटनेचे काम आहे, तसेच तक्रार करणारीवर दबाव येऊ न देणे हेही तिचेच काम आहे. माझ्या मते पदाधिकाऱ्याविरुद्ध तक्रार असेल, तर चौकशी पूर्ण होईपर्यंत त्याने पदापासून दूर राहणे इतके तरी संघटनेच्या घटनेत लिहिलेले असले पाहिजे.

ज्येष्ठांचे म्हणणे असते की सीएचबीचे लोक सभासद होत नाहीत आणि आंदोलनाला येत नाहीत. यात तथ्य आहे, पण त्यामागचे कारणही पाहायला हवे. एका दिवसाच्या धरणे आंदोलनासाठी त्यांचे त्या दिवसाचे तास बुडतात आणि पुढील वर्षीची नेमणूक धोक्यात येते. पूर्णवेळ प्राध्यापकाइतकी वर्गणी त्यांच्याकडून मागणेही अन्यायाचे आहे. जुन्या पेन्शनसाठी १४ ते २० मार्च २०२३ या काळात राज्यभर संप झाला, तेव्हा १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्या, म्हणजे जुनी पेन्शन आधीच मिळणाऱ्या अनेकांनीही साथ दिली होती. तेवढीच साथ सीएचबीच्या सहकाऱ्यांना देण्यात अडचण कोणती?

नव्या शैक्षणिक वर्षात जिल्हा आणि विद्यापीठ स्तरावरील संघटनांच्या सर्वसाधारण सभा होतील. उत्पन्नाच्या प्रमाणात वर्गणी, सीएचबी प्राध्यापकांना मतदानाचा पूर्ण हक्क आणि कार्यकारिणीत त्यांच्यातून निवडलेले प्रतिनिधी, हे प्रस्ताव त्या सभांच्या विषयपत्रिकेवर अगदी आरंभी घ्यावेत. बोलणाऱ्याचा अवमान झाल्यास अध्यक्षांनी तिथल्या तिथे सभा थांबवावी आणि त्याची नोंद इतिवृत्तात करावी, अशी तरतूदही त्याच सभेत व्हावी, ही सर्व संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक सभासद प्राध्यापिका