अलार्म वाजला की आधी बाहेर

डिचोली

चि. मानसी हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, टाकीत उतरताना गॅस डिटेक्टर देतात, पण तो वाजला की जुने कामगार बटण दाबून आवाज बंद करतात आणि कामाला लागतात. ऐकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. फोनवर सगळं बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

बाय, वाजला की आधी बाहेर. का वाजला ते मोकळ्या हवेत येऊन बघायचं.

मीटरवर चार आकडे असतात, त्यातला प्राणवायूचा आधी वाच. बाहेर तो 20.9 टक्के दिसतो. साधारणपणे 19.5 च्या खाली गेला तर वाजतो आणि 23.5 च्या वर गेला तरी वाजतो, कारण कटिंगच्या नळीतून ऑक्सिजन गळत असेल तर एका ठिणगीनं अंगावरचे कपडे भडकतात. खनिजाच्या बार्जेसमधले व्हॉइड टँक, म्हणजे रिकामे बंद कप्पे, महिनोन्‌महिने बंद असतात. विषारी वायू नसला तरी गंजणारं लोखंडच आतला प्राणवायू खातं. वास येत नाही, खोकला येत नाही, माणूस शिडीवरच बेशुद्ध पडतो. असे टँक उघडताना मी आयुष्यभर बघत आलो, म्हणून हे ठासून सांगतोय.

प्राणवायू 20.4 झाला तर मीटर गप्प राहील, तू गप्प राहू नकोस. हवेत प्राणवायू जेमतेम पाचवा हिस्सा. तो अर्धा टक्का घटला आणि त्याची जागा दुसऱ्या वायूनं घेतली असेल, तर तो वायू अडीच टक्के, म्हणजे 25,000 पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) आसपास भरलाय. वेल्डिंगचा आर्गॉन असेल तर तुझ्या मीटरला तो ओळखताच येत नाही.

ज्वलनशील वायूचा अलार्म बहुधा 10 टक्के एलईएलला लावलेला असतो. एलईएल म्हणजे वायू हवेत पेटू शकेल असं सगळ्यात कमी प्रमाण. मिथेन हवेत 5 टक्के झाला की पेटू शकतो. 10 म्हणजे त्याचा दहावा हिस्सा, अर्धा टक्का. पण बऱ्याच मीटरांतला हा सेन्सर वायू जाळून मोजतो, त्याला स्वतःला प्राणवायू लागतो. प्राणवायू फार कमी असताना तिथं शून्य दिसलं तर त्यावर विश्वास ठेवू नकोस.

हायड्रोजन सल्फाइडचा पहिला अलार्म बहुतेक ठिकाणी 10 पीपीएमला असतो. 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारीबंदीत ट्रॉलर बांधलेले असतात, होल्डच्या, म्हणजे मासळी ठेवायच्या कोठाराच्या, तळाशी पाणी कुजतं, तिथं हाच वायू. सुरुवातीला कुजक्या अंड्यांचा वास येतो, पण 100 पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं कोणी म्हणालं तर त्याचं ऐकू नकोस. हवेपेक्षा जड असल्यानं तो खाली साचतो, मिथेन वर जातो. म्हणून उतरण्याआधी मीटरची नळी आत सोडून वर, मध्ये, तळाशी तपासायचं, आणि हवा नळीतून मीटरपर्यंत पोचायला वेळ द्यायचा.

चौथा कार्बन मोनॉक्साइड, पंपाच्या किंवा जनरेटरच्या धुरातून येणारा. मॅनहोलच्या तोंडाशी जनरेटर ठेवला असेल तर आधी तो हलवायला सांग.

तुझे लोक ज्याला 'उगाच वाजतं' म्हणतात, तो बहुधा एसटीईएल किंवा टीडब्ल्यूए हा सरासरीवर वाजणारा अलार्म असावा. पहिला 15 मिनिटांची सरासरी धरतो, दुसरा 8 तासांची. पडद्यावरचा आकडा त्या क्षणी लहान असतो, पण शरीरात गेलेला वायू मोजला गेलेला असतो. अशा वेळी बटण दाबणं म्हणजे हिशेब लपवणं.

रोज सकाळी मोकळ्या हवेत मीटर सुरू करून बंप टेस्ट कर, म्हणजे ओळखीचा वायू देऊन तो खरंच वाजतो का ते बघ. आणि आत कोणी पडलेला दिसला तरी त्याच्यामागे आत उडी मारायची नाही. वर उभ्या माणसानं हाक द्यायची, श्वासाचा संच घातलेल्यांनीच उतरायचं. एकाला काढायला गेलेले दोघे-तिघे असेच जातात.

अलार्मचे आकडे कंपनीगणिक वेगळे लावलेले असतात. रविवारी येताना तुमच्या मीटरची पुस्तिका आण, दोघं बसून बघू. आईनं सुकी सुंगटं बांधून ठेवलीत.

तुझा,
बाबा